खंडेनवमीची विश्रांती

आमच्या घरात दिवा लावला की तो लगेच बंद होणार, हे ठरलेलं. मी भाजी फोडणीला टाकून ओट्यापासून फ्रिजपर्यंत जाते न जाते, तोच स्वयंपाकघरात अंधार. न्हायला गेले की बाहेरून बटण दाबलं जातं आणि मी डोक्याला शिकेकाई लावून आत चाचपडत राहते. बटण दाबणारे आमचे हे, शेखर खैरनार, नाशिक रोडच्या प्रेसमध्ये मशीनवर आयुष्य काढून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. मी ओरडले की शांतपणे म्हणतात, मला वाटलं आत कुणी नाही. लग्नाला तीसच्या वर वर्षं होऊन गेली, पण मी आत आहे की नाही याचा ह्या माणसाला अजून पत्ता लागत नाही.

मी मैना. घरीच ब्लाउज शिवते. माहेर सटाण्याचं, त्यामुळे एरवी मी कॉलनीतल्या बायकांसारखं नीटनेटकं बोलते आणि राग आला की अहिराणीवर येते. ह्यांना अहिराणी कळत नाही असं ते म्हणतात. सोयीचं असतं ते.

आमची एकुलती एक वेदिका मात्र फार शिकली. पुण्यात डॉक्टर झाली. गोळ्या देणारी नव्हे, पेशींवाली. हैदराबादच्या मोठ्या संस्थेत तिला जागा मिळत होती, ती बाजूला ठेवून पोरगी नाशिकला आली, कारण तिला इथेच काहीतरी उभं करायचं होतं. गंगापूर रोडच्या एका कॉलेजने तिला तळमजल्यावरची खोली दिली, जिथे आधी मोडकी बाकं ठेवलेली असायची. खोलीबरोबर अटही दिली. दसऱ्यानंतरच्या सोमवारी बाहेरगावच्या तज्ज्ञांची समिती येणार होती. तिच्यासमोर वेदिकाने चेतापेशी दाखवायच्या, मेंदूत असतात तशा, मूळ पेशींपासून इथे नाशकात वाढवलेल्या. आणि त्या नुसत्या दिसायला चेतापेशी असून भागणार नव्हतं, काम करताना दिसायला हव्या होत्या. दिसल्या तर खोली राहणार, पैसे मिळणार. नाही तर खोली कॉम्प्युटरवाल्यांना आणि वेदिका हैदराबादला. तिथल्या मॅडमनी तिची जागा अजून राखून ठेवली होती.

आता गंमत अशी की त्या पेशी माझ्या होत्या. वेदिकाला कुणातरी निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. ह्यांना साखर आहे, मला काहीच नाही, निदान रिपोर्टात तरी. मी सही करून रक्त दिलं. त्या रक्तातल्या पेशींना वेदिकाने काही महिने खपून पुन्हा अगदी सुरुवातीला नेऊन ठेवलं, म्हणजे पोटातल्या गर्भात असतात तशा, अजून काहीच न ठरलेल्या. त्यांना म्हणायचं मूळ पेशी. आता यांच्यापासून मेंदूच्या पेशी बनवायच्या, असं तिने जेवताना सांगितलं तेव्हा ह्यांनी पोळीचा तुकडा मोडत विचारलं, "हिच्या रक्तातून मेंदू? मग वेळ लागेल जरा." मी त्यांना त्या दिवशी दुसऱ्यांदा आमटी वाढली नाही.

पण मला खरंच कळत नव्हतं. मी वेदिकाला विचारलं, मूळ पेशीला कोण सांगतं की तू मेंदूची हो, तू कातडीची हो? तिने सांगितलं की प्रत्येक पेशीत सगळीच जनुकं असतात. डोळ्यातल्या पेशीत नखाची सुद्धा.

"मग डोळ्यात नखं का उगवत नाहीत?" मी विचारलं.

वेदिका हसली आणि म्हणाली की हाच तर खरा प्रश्न आहे. जनुकं म्हणजे घरातले दिवे समज. दिवे सगळ्या घरांत सारखेच, पण कुठले लागलेत आणि कुठले बंद आहेत यावर ते घर काय आहे ते ठरतं. डोळ्यात नखाचे दिवे बंद ठेवलेले असतात. आणि बंद ठेवायला माणूसही नेमलेला असतो. मूळ पेशीत एक प्रथिन असतं, ते चेतापेशीच्या जनुकांवर ठाण मांडून बसतं आणि त्यातलं एकही लागू देत नाही.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. वेदिकानेही पाहिलं. तेव्हापासून त्या प्रथिनाचं नाव आमच्या घरात बाबा पडलं. खरं नाव इंग्रजी आहे, ते माझ्या लक्षात राहत नाही.

वेदिकाचं काम एवढंच की पेशींना योग्य वेळी योग्य तो खुराक द्यायचा, म्हणजे ते बाबा हळूहळू बाजूला होतात आणि चेतापेशीचे दिवे लागायला लागतात. आधी दोन-चार मुख्य दिवे लागतात, ते बाकीच्यांना लावतात. त्याच वेळी मूळ पेशीचे जुने दिवे विझतात आणि त्या खोल्यांना कुलुपं लागतात. हे ऐकताना ह्यांनी पहिल्यांदाच मान डोलावली. विनाकारण जळणारे दिवे कुणीतरी विझवतंय, हे त्यांना पटलं असावं.

सप्टेंबरात वेदिकाने मला खोलीत नेऊन मायक्रोस्कोप दाखवला. माझ्या पेशींना दोरे फुटले होते. बारीक, लांब, कच्च्या टाक्यासारखे, एकीकडून निघून दुसरीकडे पोचलेले. मला इतका आनंद झाला की मी तिथेच वेदिकाचा मुका घेतला. माझ्याच डोळ्याने मी माझं डोकं बघत होते आणि ते चांगलं दिसत होतं.

मग आली खंडेनवमी. प्रेसमध्ये त्या दिवसाचा थाट असायचा. आदल्या दिवशी मशीन पुसून लख्ख करायचं, नवमीला ते पूर्ण बंद ठेवून हळदकुंकू, झेंडूचा हार, पेढे. वर्षभर राबलेल्या यंत्राला एक दिवस विश्रांती, आणि दसऱ्याला सकाळी नारळ फोडून पुन्हा सुरू. ह्यांनी सगळी नोकरी हा नेम पाळला. निवृत्त झाल्यापासून मात्र ह्यांना पूजायला मशीनच उरलं नव्हतं. पहिल्या वर्षी त्यांनी माझं शिलाई मशीन पुजलं आणि ऐन सणासुदीत मला दोन दिवस शिवू दिलं नाही. वेदिकाने ते लक्षात ठेवलं होतं. या वर्षी ती म्हणाली, बाबा, माझ्या खोलीतल्या यंत्रांची पूजा तुम्ही करा. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. इस्त्रीचा सदरा घालून हे सकाळीच तयार.

खोलीत सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे इनक्युबेटर. दिसायला फ्रिजसारखा, पण आत अंगाएवढी ऊब. वेदिकाने सकाळी पेशींना खुराक घातला, दार लावलं, आणि तेवढ्यात प्राचार्यांनी वर्कशॉपच्या पूजेला बोलावलं म्हणून ती तिकडे गेली. मीही तिच्यामागे गेले, प्रसादाचा डबा माझ्या हातात होता. खोलीत हे एकटेच राहिले. आम्ही परत आलो तेव्हा इनक्युबेटर नवरदेवासारखा नटला होता. कुंकवाची बोटं, अक्षता, आणि समोर झेंडूचा असा घसघशीत हार की आकडे दाखवणारी पट्टी पूर्ण झाकून गेलेली. वेदिकाने नमस्कार केला, फोटो काढला आणि खोलीला कुलूप लावून आम्ही तिघं जेवायला घरी आलो.

चार वाजता चहा झाला. ह्यांनी कप खाली ठेवला आणि अगदी समाधानाने म्हणाले, "उद्या सकाळी लवकर जाऊ. नारळ मी घेतलाय. आपल्या हातानेच चालू करू."

"काय चालू करू?" वेदिकाने विचारलं.

"ती पेटी. चालू मशीनला कुणी हळदकुंकू लावतं का?"

वेदिकाचा कप हातातच राहिला. तिने हळू आवाजात विचारलं की बाबा, बटण बंद केलंत? हे म्हणाले, मेनच बंद केला. तिने विचारलं की मग यूपीएसवर तरी चालू राहिलं असेल ना? हे म्हणाले, ते खोकं का, ते आधी बंद केलं, नाही तर ते शिट्टी मारत बसलं असतं. आणि पेटीला जोडलेला गॅसचा सिलिंडर? तोही घट्ट पिळला. आमच्या ह्यांचा स्वभावच तसा, काम अर्धवट ठेवायचं नाही.  वेदिका गाडीची चावी उचलून निघून गेली.

आम्ही रिक्षाने मागे निघालो. द्वारका चौकात ही गर्दी. झेंडूचे टेम्पो आडवे, कुणी पुढे सरकेना. तिथे मी ह्यांना अहिराणीत जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. रिक्षावाला मालेगावकडचा निघाला, तो आरशातून बघून हसत होता. हे मात्र रिक्षाबाहेर बघत बसले होते, आणि यावेळी त्यांना शब्दन् शब्द कळत होता. मुंबई नाक्याजवळ आल्यावर ते एवढंच म्हणाले की मी तिचं काम बुडवलं. माझा राग तिथेच संपला. माणूस इतका पडलेला बघवत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा हार जमिनीवर पडला होता आणि वेदिका मायक्रोस्कोपवर वाकली होती. खालच्या फळीवरच्या पेशी, ज्या अजून मूळच होत्या आणि पुढच्या वापरासाठी राखून ठेवल्या होत्या, त्या सुटून तरंगायला लागल्या होत्या. वरच्या फळीवर माझ्या दोरेवाल्या होत्या. त्या जागेवर होत्या, पण त्यांनी दोरे आखडून घेतले होते. जीव होता की नाही, ते वेदिकाला सांगता येईना. एक गोष्ट बरी झाली. त्या खोलीतला एसी बिघडलेला होता, त्यावरून ती महिनाभर कॉलेजशी भांडत होती, आणि बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं. त्यामुळे बंद पेटी फार गार पडली नव्हती. एसी दुरुस्त झाला असता तर त्या दिवशीच सगळं आटोपलं असतं.

 दसऱ्याला सकाळी हे उठले, अंगणातून आत आले, स्वयंपाकघराचा दिवा उगाच जळत होता, तरी त्यांनी हात लावला नाही. घरभर दिवे चालू. मला ते बघून रडूच आलं. संध्याकाळी त्यांनी आपट्याची पानं आणली, माझ्या हातात दिली आणि वेदिकासमोर जाऊन नुसते उभे राहिले. सोनं घे म्हणायचीही त्यांना हिंमत होईना.

वेदिकाने पानं घेतली. मग त्यांना सोफ्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

"बाबा, तुम्हाला रिटायर होऊन तीन वर्षं झाली. तिथे कुणी साहेब नव्हता, कुणी ऑर्डर दिली नव्हती. तरी खंडेनवमीला तुमचा हात मेनकडे गेलाच ना?"

हे म्हणाले, सवयच ती.

"त्यांचंही तसंच असतं. चेतापेशीचे मुख्य दिवे एकदा लागले की ते एकमेकांना लावत राहतात. एक मंद झाला तर दुसरा त्याला विझू देत नाही. मग मी सांगायचं थांबवलं तरी पेशीला आपण कोण ते माहीत असतं. थंडीने ती मरेल, पण विसरायची नाही. तुम्ही कुठे विसरलात?"

ह्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. बराच वेळ पुसत होते. मी उठून दोघांना श्रीखंड आणलं आणि त्यात ह्यांच्या साखरेचा विचार केला नाही.

शुक्रवारी दोरे किंचित बाहेर आले. शनिवारी, रविवारी आणखी. पण ते काम करतात की नाही, हे बघायला एक रंग घालावा लागतो, आणि तो घातला की त्या पेशी नंतर फार टिकत नाहीत. म्हणजे संधी एकच, तीही सोमवारी समितीसमोर. पेशी बोलली तर पडद्यावर उजळेल, नाही तर काळोख. तो काळोख दिसला की हैदराबाद, एवढं मला कळत होतं. रविवारी मी वेदिकाच्या साड्या बॅगेत भरायला काढल्या आणि पुन्हा कपाटात ठेवल्या.

सोमवारी आम्ही दोघंही गेलो. मी पेशींची मालकीण म्हणून, आणि हे मागे भिंतीला टेकून, दोन्ही हात खिशात. खोलीत शिरण्यापूर्वी त्यांनी स्वतःच ते ठरवलं होतं. खिशातून हात काढायचेच नाहीत. त्याआधी त्यांनी एक काम मात्र केलं होतं. जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर प्रेसमधल्यासारख्या ठसठशीत अक्षरांत ‘बंद करू नये’ असं लिहून ते मेनवर, यूपीएसवर, सिलिंडरवर आणि एक उरला म्हणून पंख्याच्या बटणावरही चिकटवले होते.

समितीत तिघे जण होते. अध्यक्ष पांढऱ्या केसांचे, कमी बोलणारे. वेदिकाने त्यांना सगळ्यात आधी खंडेनवमीची हकीकत सांगितली. लपवली असती तरी कुणाला कळलं नसतं, पण ती म्हणाली की पेशींवर काय गुदरलं ते सांगितल्याशिवाय पुढचं दाखवता येणार नाही. पेटी कुणी बंद केली ते तिने सांगितलं नाही. हे भिंतीजवळून म्हणाले, "मी केली, साहेब." अध्यक्षांनी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं, खिशातल्या हातांकडे पाहिलं, आणि पुन्हा पडद्याकडे वळले.

वेदिकाने खोलीत अंधार केला. पडदा काळा होता.  काहीच होईना. कुणीतरी खुर्ची सरकवली. वेदिकाने काहीतरी फिरवलं, पुन्हा काळं. मी मनात माझ्या पेशींना म्हटलं, अगं बायांनो, आयुष्यभर मी बोलायची थांबले नाही, आता तुम्ही गप्प बसून माझं नाव घालवू नका.

कोपऱ्यात एक ठिपका उजळला आणि विझला. मग त्याच्या शेजारचा. मग दूरचा एक, मग दोन एकदम. बघता बघता पडदाभर दिवे लुकलुकायला लागले, लागत होते, विझत होते, पुन्हा लागत होते, आणि एकाचा निरोप दुसऱ्याला पोचतोय हे मला सुद्धा कळत होतं. वेदिका सांगत होती की या चेतापेशी आहेत आणि त्या एकमेकींशी बोलताहेत.  मला बाई हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते.

मागून ह्यांचा आवाज आला, "यांना बंद कोण करतं?"

"कुणी नाही, बाबा. त्यांचं त्या बघतात," वेदिका म्हणाली.

खोलीतले दिवे लागले आणि अध्यक्षांनी बरेच प्रश्न विचारले. खालच्या फळीवरच्या गेल्या आणि वरच्या टिकल्या, यात त्यांना फार रस वाटला. वेदिका पुन्हापुन्हा सांगत राहिली की एका दुपारवरून काही सिद्ध होत नाही, ते नीट करून बघावं लागेल. ते म्हणाले, मग बघा ना इथेच, खोली आहे की तुमच्याकडे. वेदिकाला कळायला क्षणभर लागला. मला लगेच कळलं. हैदराबादच्या मॅडमना आता दुसरं कुणी शोधावं लागणार होतं.

सगळे चहाला निघाले. वेदिका पुढे, समिती तिच्यामागे, मग मी आणि हे. अध्यक्ष दारात थांबले, रिकाम्या खोलीकडे एकदा बघितलं, आणि नीटनेटकी माणसं करतात तसा त्यांचा हात सहज भिंतीवरच्या बटणांकडे गेला.

ह्यांचा हात खिशातून बाहेर आला. त्यांनी अध्यक्षांचं मनगट हळूच धरलं.

"राहू द्या, साहेब," हे म्हणाले. "आत आमची ही आहे."

मी त्यांच्या शेजारीच उभी होते.